हारांखाली नासलेले हृदय

सुमेध,

झेंडूचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. देवाला मी आता फक्त तगर आणि कण्हेर वाहतो. झेंडू हातात आला की तो परत टोपलीत टाकतो. जन्मभर पूजा केलेल्या माणसाला फुलाची शिसारी यावी, हे तुला सांगितले असते तर तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "गुरुजी, वासाचा दोष फुलाले काऊन देता? खाली काय ठेवलं होतं ते पाहा ना." खाली तुला ठेवले होते. भर उन्हाळ्यात, दिवस मावळून पुन्हा उगवला आणि पुन्हा कलला तोवर. आणि मी शेजारी बसून उपरण्याने माशा हाकलत होतो.

तुझ्या नावाने जी सर्वपक्षीय समिती स्थापन झाली आहे, तिने माझ्याकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला आहे. "गुरुजी, तुमच्या भारदस्त भाषेत दोन पाने द्या," असे सांगून मंडळी गेली. हा तो लेख. तुझ्या पदव्या आणि तुझे सत्कार इतर जण लिहितील. मला तुझ्याशी बोलायचे आहे, आणि त्यांनी बाजूला उभे राहून ते ऐकावे अशी माझी इच्छा आहे. छापायचा तर पूर्ण छापावा. एखादा परिच्छेद गाळायचा असेल तर सगळाच गाळावा.

बेला या आपल्या गावच्या शाळेत तू माझ्या संस्कृतच्या वर्गात येऊन बसलास तो दिवस मला आठवतो. विहारामागच्या वस्तीतून आलेला, संस्कृत घेणारा तू पहिलाच. तुझी माय तेव्हा आमच्याच शिवारात कापूस वेचायला यायची. मी विचारले होते, "सुमेध, हा विषय का निवडलास?" तू उभा राहून, मान खाली न घालता म्हणालास, "गुरुजी, आमच्यापासून काय लपवून ठेवलं होतं ते एकदा पाहून घेतो." मला राग यायला हवा होता; आला नाही. एवढ्या स्वच्छ उच्चाराने कोणी टोमणा मारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

पुढे तू शरीररचना शिकवू लागलास, मी शब्दरूपे शिकवीत राहिलो, आणि आपले भांडण सुरू झाले. ते संपले नाही, हेच आता मला सर्वांत जास्त खुपते.

आदिलाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तुझ्या विभागात, तू मला पहिल्यांदा नेलेस ती सकाळ. मी स्नान-संध्या करून, धूतवस्त्र नेसून आलो होतो. तू सूक्ष्मदर्शकाखाली एक काच सरकवलीस आणि म्हणालास, "या, हृदय पाहा." मी वाकलो, आणि मग शंका आली म्हणून विचारले, "कोणाचे?"

"बकऱ्याचं."

मी दोन पावले मागे सरलो. कसायाच्या ओट्यावरून आलेल्या वस्तूला डोळा लावायचा, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला होता. तू हसलास. "गुरुजी, बकरा कवाचाच गेला. तुमाले चाखाचं नाही, पाहाचं हाय."

मी पाहिले. आधी नुसता गुलाबी उजेड दिसला. मग तू चकती फिरवलीस आणि त्या उजेडातून धागे वर आले. हृदयाचे स्नायू सरळ जात नाहीत, हे मला माहीत नव्हते. एक धागा पुढे जाऊन दुभंगतो, त्याची फांदी शेजारच्याला मिळते, तो आणखी पुढे कोणाला मिळतो. बैलाच्या तोंडाला बांधतात त्या मुसक्यासारखी जाळी विणली जाते. धाग्यांवर अतिशय बारीक आडव्या रेघा. प्रत्येक पेशीच्या अगदी मध्ये एक जांभळा ठिपका. "हातापायाच्या स्नायूत हा ठिपका कडेले असते," तू सांगितलेस, "हृदयात मधात." आणि मधूनमधून, धाग्याला आडव्या, काहीशा गडद, जिन्याच्या पायरीसारख्या वळणावळणाच्या रेषा.

आमच्या पोथ्यांनी मला हृदय म्हणजे अधोमुख कमळ आणि त्यातली लहानशी गुहा असे शिकवले होते. त्या कमळाचे मी नित्य ध्यान करतो, आजही केले. पण त्या सकाळी काचेवर पाहिलेली जाळी त्या ध्यानात शिरली ती शिरलीच. तुझे हे ऋण आहे. देवाने इतके बारीक विणकाम करून ते मुठीएवढ्या मांसात झाकून ठेवले आणि दाखवण्यासाठी तुला माझ्याकडे पाठवले, असे मी म्हणालो तेव्हा तू म्हणालास, "देवानं कायले पाठवलं? बस पकडून आलो."

काच तयार करण्याचे तुझे कर्म पाहायला मी नंतर अनेकदा येऊन बसे. तुकडा औषधात ठेवायचा. त्यातले पाणी हळूहळू मद्यार्काने काढायचे. तो मेणात बसवायचा, आणि मग पात्याखाली त्या मेणाची अशी पातळ फीत काढायची की श्वास लागला तरी उडावी. ती फीत तू कोमट पाण्यावर सोडायचास, तिच्या सुरकुत्या आपोआप उलगडायच्या, आणि तू खालून काच घालून ती अलगद उचलायचास. त्या वेळी कोणी बोललेले तुला चालत नसे. मी एकदा म्हणालो, "सुमेध, हे तर सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखे आहे."

"हायच ना," तू लगेच म्हणालास. "आमच्यातबी सोवळं हाय, गुरुजी. बोट लागलं का काच खराब. फक्त आमच्या सोवळ्यात बोट कोन्या जातीचं हाय ते पाहात नाही."

तू हे हसून म्हणालास. पण तू हसून बोलतोस तेव्हाच नीट ऐकावे, हे मी शाळेपासून शिकलो होतो.

या सगळ्या कर्मात पहिली पायरी तू सर्वांत कडक पाळायचास. तुकडा शरीरातून निघाला की क्षणाचा विलंब न करता औषधात. "जीव गेला का पेशी सोताच सोताले खाऊन टाकते," तू सांगायचास. "तिच्याच पोटातला रस बाहेर येते अन् तिची भिंत गाळते. उशीर झाला, वरून ऊन लागलं, मंग ते मांस हाय. हृदय नाही." तुझ्याजवळ शिकलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असणार. म्हणूनच पुढे जे झाले त्याला मी अज्ञान म्हणत नाही. अज्ञानाला मी क्षमा करू शकलो असतो.

आता आपले भांडण. ते त्या जिन्यासारख्या रेषांवरून होते.

मी म्हणत असे, "दिसायला अनेक, असायला एक. पाहा, सगळे धागे एकमेकांत मिळाले आहेत. हृदय म्हणजे एकच अखंड वस्तू. या रेषा म्हणजे पाण्यावरच्या रेषा." तू म्हणायचास, "तुमच्यासारखंच जुन्या शास्त्रज्ञायलेबी वाटत होतं. सगळं एकच, भिंती नाहीत, रेघा नुसत्या दिसाले. मंग जोरदार सूक्ष्मदर्शक आला, अन् दिसलं का त्या रेघा म्हणजेच भिंती. एक पेशी इथं संपते, दुसरी इथून सुरू होते." आणि मग तू दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवायचास. दोन पेशींच्या कडा अशा एकमेकींत गुंतलेल्या. जागोजागी घट्ट पकड, म्हणजे प्रत्येक ठोक्याला त्या फाटू नयेत. आणि त्या भिंतीत बारीक दारे, ज्यांतून ठोक्याची खूण या घरातून त्या घरात जाते.

"भिंत पाहिजे, पकड पाहिजे, अन् दार पाहिजे," तू म्हणायचास. "तिन्हीतलं एक गेलं का हृदय बंद."

"पण ठोका तर एकच पडतो ना?"

"पडते. पन पेशी आपली जागा सोडून नाही पडत. गुरुजी, तुमच्या एकात आमी इरघळून जातो. या एकात आमी राहतो."

या वाक्यावर मी उपरणे झटकून उठलो. हरलो म्हणून उठलो असे तुला वाटले असेल, तसे नव्हते. उत्तर सापडायला वेळ लागत होता. तू नंतर मला सांगितलेस की हृदयाची पेशी सुटी करून वाटीत ठेवली तरी ती एकटीच ठोके देत राहते, आणि अशा दोन पेशी वाढत वाढत एकमेकींना टेकल्या की थोड्या वेळाने दोघी एकाच तालात पडू लागतात. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि तू खिडकीकडे बघायला लागलास, म्हणजे मला ते पुसता यावे. तुझ्या चांगुलपणाची रीत अशी होती.

उत्तर मला यंदा सापडले. तू रविवारी येणार होतास, नेहमीप्रमाणे माझी नाडी पाहण्याचे निमित्त करून. मी तुला विचारणार होतो: भिंत पेशीची, दार पेशीचे, पकड पेशीची, हे सारे मान्य. पण त्या दारांतून जी लाट जाते ती कोणाची? ती तर कुठल्याच घरात राहत नाही. मी हा प्रश्न मनात घोटून ठेवला होता. तू काय म्हणाला असतास ते मला ऐकू येते. "लाट रस्त्याची राहते, गुरुजी." आणि मी म्हणालो असतो, "मग रस्ता कोणाचा?" आणि तुझ्याबरोबर आलेली तुझी बायको निर्मला आतून म्हणाली असती, "चहा निवून राह्यला, दोघायचाबी."

तो रविवार आला नाही. शनिवारी सकाळी तू चहाचा कप ठेवलास आणि मान टाकलीस. तुझे हृदय मोठे झाले होते, त्यात जुना व्रण होता, हे तुला माहीत होते, निर्मलेला माहीत होते, मला माहीत होते. तुझी इच्छाही तिघांना माहीत होती. देह महाविद्यालयाला, आणि हृदयाचा तुकडा लगेच औषधात, काच करण्यासाठी. तू म्हणाला होतास, "पोरायले आमी बकऱ्याचं दाखवून राह्यलो. माणसाचं दाखवा ना. अन् माझ्यात व्रण हाय, मोटे झालेले धागे हाय, सगळं एकाच ठिकाणी भेटते." मी तुझ्याशी यावरही वाद घातला होता. अग्नीचा देहावर अधिकार असतो, असे मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "पोरायचं शिकून झालं का अग्नीले बाकीचं देऊ. तो नाराज होणार नाही."

मला ती इच्छा पटली नव्हती. पण ती तुझी होती, आणि मी तिचा साक्षीदार होतो.

निर्मलेने पहिला फोन स्वप्ना मॅडमला केला. तुझी विद्यार्थिनी, आता तुझ्याच विभागात शिकवणारी. त्यांची गाडी दुपारच्या आत बेल्याला येऊन तुझ्या दारात उभी राहिली, आणि तेवढ्यात दुसरी गाडी आली. तीतून तुझा लाडका विद्यार्थी उतरला, तोच, ज्याचा शहरात मोठा दवाखाना आहे. तू आजारी असताना त्याला बेल्याची वाट कधी सापडली नव्हती.

"गाडी थांबवा," तो म्हणाला. "मंत्रीसाहेब हैदराबादहून निघाले आहेत. अंत्यदर्शन झाल्याशिवाय सरांना हलवायचे नाही. लोकभावना आहे."

निर्मला म्हणाली, "सरायची इच्छा येगळी होती, दादा."

"वहिनी, सर एकट्या तुमचे नव्हते."

"मंग माझे किती होते तेवढं तरी सांगा," निर्मला म्हणाली. त्याने मान लववली, हात जोडले आणि मंडप घालणाऱ्याला हाक मारली.

मी उठलो. मला मोठ्याने बोलायची सवय नाही; तरी जमलेल्या सर्वांना ऐकू जाईल असे बोललो. मी सांगितले की हृदयाची पेशी मृत्यूनंतर स्वतःलाच गिळते, उन्हात ती क्रिया वेगाने होते, आणि या माणसाने आयुष्यभर जे शिकवले त्याचाच हा अपमान आहे. तुझा विद्यार्थी गोड हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आता तुम्ही आम्हाला हिस्टॉलॉजी शिकवणार का?" लोक हसले. मंडपात त्याच्यासारखे आणखी चार डॉक्टर होते, सगळे तुझ्या हाताखालून गेलेले. तेही हसले. सुमेध, मी चूक सांगत नव्हतो, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होते.

किळस हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही. मला दुसरा शब्द सापडत नाही.

साहेब दुपारी येणार होते, मग संध्याकाळी, मग सकाळी. विजेवर चालणारी काचेची शीतपेटी आणली होती. गावातली वीज गेली. वीज आली तेव्हा पेटीच्या काचेवर वाफ धरून तुझा चेहरा दिसेना, म्हणून फोटोवाल्यांच्या सोयीसाठी तुला बाहेर काढून सजवलेल्या ट्रॉलीवर ठेवले. वर ऊन, खाली ऊन, आणि हार. प्रत्येक संस्थेचा वेगळा हार. झेंडू ओला करून आणलेला, एकावर एक, इतका की तुझी छाती दिसेनाशी झाली आणि त्या ढिगाखाली वाफ धरली. कोणी हार थोडे बाजूला केले की दुसरा कोणी म्हणे, "आमचा हार वर राहू द्या." मी आयुष्यात इतक्या मृतांजवळ बसलो आहे, पण मृताला कोणी शिजवताना पाहिले नव्हते.

तुझ्या शेजारचा म्हातारा शामराव कंटाळून कुंपणाला टेकला होता. त्याला एक कार्यकर्ता म्हणाला, "आता निघालेच साहेब, बोथच्या फाट्यापाशी हाय म्हन्ते."

"कालपासून निघून राह्यले, बाबू," शामराव म्हणाला. "पैदल येऊन राह्यले का?"

तेवढे एक वाक्य त्या दोन दिवसांत कोणी खरे बोलले.

आणि माझे लोक? त्यांनाही मी वगळणार नाही. ज्यांच्या घरी तू पंचवीस वेळा दाराशीच उभा राहिलास, ते सगळे साहेबांच्या वाटेवर पहिल्या रांगेत उभे होते. माझा सख्खा पुतण्या त्यांच्यात होता. निर्मलेच्या बहिणीने सर्वांना चहा दिला. त्याने तो भिंतीच्या कडेला ओतला, रिकामा कप हातात तसाच धरला आणि साहेब आल्यावर त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेतले. घरी निघताना मला म्हणाला, "काका, कपडे मोरीतच टाका हं. आणि डोक्यावरून पाणी घ्या." मी तसाच देवघरात गेलो. त्याच कपड्यांनी, माझ्या अंगाला तुझा आणि झेंडूचा वास होता तसा, देवासमोर बसलो. देव उठून गेला नाही.

मंडपात त्याआधी साहेबांनी भाषण केले. तुझे नाव त्यांना कोणीतरी कानात सांगितले. "सरांचे हृदय विशाल होते," ते म्हणाले. निर्मलेने पदर तोंडात धरला. मला वाटले ती रडते आहे. नंतर ती म्हणाली, "गुरुजी, मले हसू आलं होतं. हे असते ना, तर म्हणाले असते, इशाल नाही साहेब, सुजलेलं होतं. गोळ्या चालू होत्या." साहेबांनी चौकाला तुझे नाव देण्याची घोषणा केली. टाळ्या पडल्या. तुझ्या विद्यार्थ्याने त्या टाळ्यांत माझ्याकडे पाहिले, जणू हिशेब मिटला.

मग तुला मोकळे केले. स्वप्ना मॅडमची गाडी दुसऱ्यांदा आली.

काल त्यांनी मला बोलावले. तुझी इच्छा म्हणून त्यांनी हृदयाचा तुकडा घेतलाच होता. उशिरा का होईना, औषधात ठेवला, मेणात बसवला, फीत काढली, रंग चढवला. मी बसने गेलो. तुझ्या टेबलावर तोच सूक्ष्मदर्शक होता. मॅडम तेलुगू घरातल्या. पण मराठी त्यांना तुझ्याकडून आली आहे, त्यामुळे त्यांच्या तोंडून तुझीच भाषा ऐकू येते. "गुरुजी, तुमी आधी बसा," त्या म्हणाल्या. "मंग पाहा. पाह्यलं नाही तरी चालते."

मी पाहिले.

गुलाबी रंग होता. धागे होते असे म्हणता येईल, कारण कुठे कुठे रंगाला दिशा होती. आडव्या बारीक रेघा नव्हत्या. मध्यातले जांभळे ठिपके विझले होते. काही ठिकाणी त्यांच्या जागी फिकट छाया, काही ठिकाणी तीही नाही. जागोजागी पोकळ बुडबुडे. आणि तू बोटे गुंतवून दाखवायचास त्या पायऱ्या मी शोधत राहिलो. चकती फिरवली, काच सरकवली, पुन्हा शोधल्या. एकही नव्हती. कोण कुठे संपते आणि कोण कुठे सुरू होते ते कळत नव्हते. भिंत नव्हती, म्हणून दारही नव्हते. सगळे एकात एक मिळून गेले होते.

मी तुझ्याशी इतकी वर्षे ज्या अखंडतेसाठी भांडलो ती डोळ्यासमोर होती, आणि ती कुजलेली होती.

माझी श्रद्धा त्यामुळे गेली असे समजू नकोस. माझी लाट अजून माझ्याजवळ आहे, आणि तिच्याबद्दल मी तुला कधीतरी विचारीनच. पण भिंती गाळून जे एक होते ते कसे दिसते, हे मी आता पाहिले आहे. ते पुन्हा कोणापुढे एकात्मता म्हणून मांडणार नाही.

"इकडे या कोपऱ्यात पाहा," स्वप्ना मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी काच किंचित सरकवली. एका कडेला फिकट, दाट, लाटांसारखा पट्टा होता. त्याची वीण मात्र शाबूत. "हा सरायचा जुना व्रण. हृदयाची पेशी मेली का पुन्हा येत नाही, तिथं असं ठिगळ बसते. हे लवकर नासत नाही." त्यांनी चकती किंचित फिरवली. "जिवंत होतं ते सगळं गेलं. एवढं राह्यलं."

मी मान वर केली. मग त्यांनी डोळे कोरडे केले आणि शिक्षिकेच्या आवाजात विचारले, "ही काच पोरायले दाखवता येत नाही, गुरुजी. टाकून देऊ का?"

"टाकू नका," मी म्हणालो. "पहिल्या वर्षाच्या मुलांना चांगली काच दाखवाल, तिच्या शेजारी ही ठेवा."

"काय म्हणून?"

"जी आहे ती म्हणून."

त्यांनी चिठ्ठी घेतली आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिले: मानवी हृदय, जतनाला उशीर. मी वाचले आणि विचारले, "अशा काचेवर उशिराचे कारण लिहायची पद्धत आहे का?"

"नसते."

"लिहा."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली. बाहेर मुलांचा गलका सुरू झाला होता; तासाची वेळ झाली होती.

"काय लिहू?"

"पुष्पहार," मी म्हणालो.

त्यांनी ते तेलुगूत लिहिले, म्हणजे वर्गातल्या सर्वांना वाचता यावे, आणि दार उघडण्यापूर्वी काच मांडणीत पहिल्या जागेवर ठेवली.